ताण्याची गल्ली

आमच्या गल्लीत दिवे येणार, बाकडी येणार, झाडं येणार हे कळलं त्या दिवशी मी तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. पंचवीसेक वर्षं शिवणकाम करतेय, पण अशी चूक कधी झाली नव्हती. गिऱ्हाईक बाई हात वर करून आरशासमोर उभी राहिली, तिला हात खाली घेता येईनात, आणि मी तिची माफी मागायची सोडून तिलाच सांगत सुटले की दारासमोर बाकडं येणार आहे, पुढच्या वेळी ट्रायलला आलीस की बाहेर झाडाखाली बसायचं.

नगर परिषदेने जुन्या पेठेचा कायापालट करायचं ठरवलं होतं. आमची गल्ली पेठेच्या अगदी पोटात आहे आणि गल्लीच्या बरोबर मधोमध माझं फॉल-पिकोचं आणि ब्लाउजांचं दुकान. दुकान माहेरच्या घरात, पुढच्या खोलीत. मागच्या खोल्यांत बाबा एकटे राहतात. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे सकाळी नऊला शटर वर आणि रात्री आठला खाली, मधल्या वेळेत बाबांचं जेवण आणि आमची भांडणं.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातलं, कापडाचं. म्हणजे एकेकाळी कापडाचं. गावाबाहेर सरकी काढायचे जिन आणि गठाणी बांधायचे प्रेस, पुढे सूतगिरणीसुद्धा आली, आणि मध्यात ही पेठ, जिथे घरोघरी हातमाग होते. बीबी, साखरखेर्डा इकडून लोक लग्नाची लुगडी घ्यायला यायचेच, पार रोहिणखेडहूनही बैलगाड्या यायच्या असं बाबा सांगतात. आधी माग बंद पडले, मग गिरणी, मग जिनला कुलूप लागलं. दुकानं बायपासला गेली. पेठेत उरल्या मोटारसायकली, दोन-चार शेळ्या आणि माझ्यासारखी हट्टी माणसं.

म्हणून पेठेचं नशीब उघडणार म्हटल्यावर मला कोण आनंद झाला! समितीत एक बाई पाहिजे म्हणून माझं नाव घातलं. शोभेपुरती बसेल असं त्यांना वाटलं असावं. मी पहिल्याच बैठकीत पाट्यांच्या रंगावरून पाऊण तास बोलले. सगळ्या दुकानांच्या पाट्या एका मापाच्या पाहिजेत, नाल्या झाकल्या पाहिजेत, विजेच्या तारा जमिनीखालून गेल्या पाहिजेत, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह झाल्याशिवाय मी एकाही कागदावर सही करणार नाही. मुख्याधिकारी साहेब मान हलवत होते. ते तरुण होते, सभ्य होते आणि मला थोडे घाबरत होते, हे मला आवडलं.

नकाशे काढायला पुण्याहून एक मुलगी आली होती. वास्तुविशारद. पायात बूट, पाठीला पिशवी, हातात मोजपट्टी, आणि प्रत्येक भिंतीला हात लावून पाहायची सवय. पहिले दोन दिवस तिला आमची भाषा नीट कळायची नाही. चहावाला "काऊन बसल्या उन्हात?" म्हणाला तर ती माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "ताई, काऊन उशीर केला?" त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली.

तिने नकाशाचा मोठा फ्लेक्स छापून आणला आणि माझ्या दुकानाच्या भिंतीवर लावला. गल्ली वरून पाहिल्यासारखी. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांच्या पुढे चालायला फरशी, आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडांचे गोल ओटे. प्रत्येक ओट्याला बाकडं. त्यातलं एक माझ्या दाराच्या नेमकं समोर. मी त्या बाकड्यावर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. भाजीवाल्या बाईला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, वीजबिल वाटणाऱ्याला दाखवलं.

संध्याकाळी बाबा चष्मा पुसत फ्लेक्ससमोर उभे राहिले. ऐंशीला टेकलेले, वाकलेले, पण नजर अजून शाबूत. बराच वेळ पाहून त्यांनी मधल्या ओट्यांवरून बोट फिरवलं.

"हे मंधात काय हाय?"

"झाडं, बाबा. सावली होईल."

"मंग ताणा कुठून जाईन?"

मला हसू आलं आणि मग रागच आला. ताणा! शेवटचा माग बंद झाला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. सगळं गाव पुढे जायचं म्हणतंय आणि आमच्या बाबांना ताण्याची पडलीये. मी म्हटलं, "बाबा, कोणता ताणा? कोणी लावलाय इथं ताणा?" ते आत गेले. ताट वाढलं तर अर्धी भाकर उरवली. माझा राग तेवढ्याने उतरला नाही, उलट वाढला, कारण अर्धी भाकर उरवणं हे त्यांचं जुनं हत्यार आहे.

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. मागावर चढवायच्या आधी ते सगळेच्या सगळे, पूर्ण लांबीचे, ताणून धरायचे, त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत कुंच्याने झाडत राहायचं. याला पांजणी म्हणतात. खळीने धागा कणखर होतो, नाहीतर मागावर दहा वेळा तुटतो. साठ हातांचा ताणा घरात मावत नाही, म्हणून तो गल्लीत. माझ्या लहानपणी सकाळी दार उघडलं की समोर कमरेएवढ्या उंचीवर धाग्यांचा लांबच लांब पट्टा असायचा, बांबू फुलीसारखे बांधून केलेल्या कैच्यांवर तोललेला. आणि एक नियम होता, कोणी न शिकवताच अंगी भिनलेला. ताणा ओलांडायचा नाही. खालून वाकून जायचं नाही, वरून पाय टाकायचा नाही. समोरच्या घरात विरजण मागायला जायचं तरी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घालून यायचं. लग्नाची वरातसुद्धा ताणा उचलेपर्यंत टोकाला थांबायची, वाजंत्री तिथेच वाजवत राहायचे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर बाबा नाहीत. काठी नाही, टोपी नाही. अर्ध्या तासाने पुण्याच्या मुलीचा फोन आला. "ताई, आजोबा ऑफिसात आलेत. तुम्ही या. पण घाई नका करू, मस्त सांगतायत."

मी पिकोचं मशीन तसंच चालू ठेवून पळाले. बाबा मुख्याधिकाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीवर ताठ बसले होते आणि बोलत होते. मी दारात थांबले. घरात चार शब्दांवर पाचवा न काढणारा माणूस तिथे हात पसरून गल्ली दाखवत होता. मुलीनेच विचारलं होतं, की पेठेतल्या सगळ्या गल्ल्या वाकड्यातिकड्या आणि ही एकच दोरी लावल्यासारखी सरळ का? त्यावर बाबांचं सुरू होतं, "घरं आधी नाई बांधली, पोरी. आधी ताणा आला. ताण्याले वाकडं चालत नाई. मंग ताण्याच्या दोन बाजूनं घरं झाली. तुम्ही मंधात झाडं लावून राह्यले, म्हणजे गल्लीच्या पोटातच खुंट्या ठोकून राह्यले."

मुलीचे डोळे चमकायला लागले होते. ती मोजपट्टी घेऊन उठलीच. आम्ही सगळे गल्लीत आलो, आणि बाबांनी काठीने दाखवलं तिथे, देवळाच्या ओट्याला लागून, मातीत अर्धा गाडलेला दगडी खुंटा निघाला. दोरी बांधून बांधून त्याला खाचा पडल्या होत्या. दुसरा खुंटा दुसऱ्या टोकाला कचराकुंडीच्या मागे. मुलीने कचराकुंडी स्वतः ढकलली. खुंटा दिसल्यावर ती एवढ्या मोठ्याने ओरडली की चहावाला धावत आला. मी जन्मापासून या गल्लीत, आणि हे दोन दगड काय आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं.

पण मुख्याधिकारी माणूस व्यवहारी. ते म्हणाले, "आजोबा, नकाशा मंजूर झालाय. मधला पट्टा मोकळा सोडायचा तर मला कारण लिहावं लागेल. आठवण हे कारण होत नाही. वापर हे कारण होतं. वापर दाखवा, मी लिहितो. नाहीतर पुढच्या महिन्यात मधे खोदकाम सुरू होईल."

"दाखवतो," बाबा म्हणाले. तेवढंच.

घरी आल्यावर मी तडातडा बोलले. या वयात साठ हात ताणा कोण ओढणार? सूत कुठून येणार? आणि माझ्या बाकड्याचं काय? होय, मी तेही बोलले. बाबांनी शांतपणे खाटेखालून एक गाठोडं काढलं. आत कुंचा होता, दोन हात लांब, गवती मुळ्यांचा, तेल लावून ठेवलेला. माग विकला, धोटा पोरांना खेळायला दिला, पण कुंचा ठेवला होता, आणि मला पत्ता नव्हता.

कुंचा दोघांनी धरायचा असतो, ताण्याच्या दोन बाजूंनी एकेक जण, आणि एका पावलाने चालायचं. बाबांचे जोडीदार समोरच्या घरातले काका. पण काकांना पक्षाघात झालेला, डावा हात निकामी, बोलणंही ओढून ओढून. ते दारात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"तू धर," बाबा म्हणाले.

आमच्यात बायका सुताच्या कांड्या भरायच्या, खळ शिजवायच्या. कुंच्याला हात लावायचा नाही. माझ्या आईने आयुष्यभर खळ शिजवली, पण कुंचा उचलून बाजूला ठेवायचा झाला तरी बाबांना हाक मारली. मी म्हटलं, "बाबा, बायका कुठं धरतात?"

"मंग काय गल्लीच देऊन टाकू?"

झालं. माझं बाकडं त्या क्षणी गेलं. मला हट्ट करणाऱ्या माणसाचा राग येतो, पण माझ्यापेक्षा जास्त हट्टी माणूस दिसला की मी त्याच्या बाजूला जाते. हा माझा जन्माचा दोष आहे.

मग जो महिना गेला त्याला मी काय म्हणू! सूत पुण्याच्या मुलीने मागवून दिलं. बाबांनी गच्चीवर खुंट्या ठोकल्या आणि सकाळ-संध्याकाळ धागा हातात घेऊन फेऱ्या मारल्या, एकेक फेरी म्हणजे एकेक धागा. मी दुकान उघडण्याआधी तासभर त्यांच्याबरोबर. पुण्याची मुलगी फेऱ्या मोजायची आणि दर वेळी चुकायची, मग बाबा न मोजता आकडा सांगायचे. दुपारी अंगणात दोन खांबांना जुनी साडी बांधून कुंच्याची तालीम. मी हात चालवला की बाबा खेकसायचे, "घाई काऊन करतं? पिको नाई हे!" समोरून काका काठी आपटायचे. त्यांना एकच शब्द स्पष्ट म्हणता यायचा, तो म्हणजे "पाऊल!" दिवसातून शंभरदा ऐकला. रात्री झोपेत मी "पाऊल" म्हणते असं माझ्या नवऱ्याने सांगितलं.

गल्लीला तर उधाण आलं होतं. कैच्यांसाठी कोणी बांबू दिले, लग्नाच्या आचाऱ्याने खळीसाठी मोठं पातेलं दिलं. ज्यांनी घरं विकायला काढली होती ते दारं रंगवायला लागले. चहावाल्याने तर पाटीच बदलली. दुकानात येणारी गिऱ्हाइकं ब्लाउजाचं माप राहू द्या, आधी ताण्याचं सांगा म्हणायला लागली. मी सगळ्यांना तारीख सांगत होते, वेळ सांगत होते, सूर्य वर यायच्या आत या म्हणत होते.

त्या सकाळी थंडी होती आणि वारा नव्हता. बाबांनी अंगणात येऊन बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाले, "दोन घंटे हायेत. मंग सुटते वारा." मी खळ घोटून ठेवली होती. पिठाचा तो आंबूस वास गल्लीत पसरला तेव्हा म्हातारी माणसं आपोआप दारात आली. ताणा गुंडाळी सोडत सोडत या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत गेला, कैच्या उभ्या राहिल्या, धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधे मधे बांबूच्या काड्या घातल्या. बाबांनी दोर ओढला. आणि गल्लीचे पुन्हा दोन भाग झाले.

गंमत पुढेच. ज्या पोरांनी जन्मात ताणा पाहिला नव्हता त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण एकानेही तो ओलांडला नाही. भाजीवाली बाई बाहेरच्या खेड्यातून येते, तिला काय माहीत? तिने हातगाडी पाहिली, ताणा पाहिला, मुकाट्याने गाडी वळवली आणि टोकाकडून फिरून आली. मला इतका आनंद झाला की तिच्याकडून नको असलेली दोन किलो वांगी घेतली.

मग खळ लावली आणि आम्ही कुंचा धरला. बाबा त्या बाजूला, मी या बाजूला, मधे पांढरे ओले धागे. "पाऊल!" काका दारातून ओरडले आणि आम्ही निघालो. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. खांदे भरून आले. एकेक धागा सुटा होत गेला, वाळत गेला, उन्हात चमकायला लागला. खळ लावल्यावर थांबता येत नाही. थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेला ताणा फेकून द्यावा लागतो. पाचव्या फेरीला बाबांची धाप ऐकू यायला लागली. मी म्हटलं, "बाबा, दुसऱ्या कोणाला देता का?" ते म्हणाले, "तुहे पाय पाय." म्हणजे स्वतःच्या पायांकडे बघ. मी बघितलं. तुटलेले धागे पुण्याची मुलगी गाठी मारून जोडत होती, तिची जीभ दातांत आली होती.

मुख्याधिकाऱ्यांना सातची वेळ दिली होती. ते आठला आले, आणि आले तेही चुकीच्या बाजूने. त्यांची गाडी देवळाकडे थांबली, ते समोरच्या बाजूने आत शिरले आणि आम्ही हारतुरे ठेवलेलं टेबल अलीकडे. साहेबांनी ताणा पाहिला, हसले आणि खालून वाकून यायला मान खाली घातली.

"ओ साहेब!"

अख्खी गल्ली एकदम ओरडली. म्हाताऱ्या, पोरं, चहावाला, भाजीवाली, सगळे. साहेब वाकलेलेच थिजले. बाबा कुंचा न सोडता म्हणाले, "ताणा ओलांडत नसतात, साहेब. फिरून या." आणि साहेब फिरून आले! पार देवळापर्यंत परत गेले, खुंट्याला वळसा घातला आणि या बाजूने सगळी गल्ली चालत टेबलापर्यंत आले. येताना त्यांनी दारं पाहिली, पाट्या पाहिल्या, उघडी नाली पाहिली. मी मनात म्हटलं, बरं झालं, ती नाली मी चार बैठका ओरडून दाखवत होते.

वारा सुटला तेव्हा ताणा वाळला होता. एकही धागा चिकटला नव्हता. बाबांनी तळहात वरून फिरवला, सगळीकडून, आणि काकांकडे पाहून मान डोलावली. काका रडत होते. मी पण रडले, त्यात लपवायचं काय?

टाळ्या झाल्या. साहेब खरोखर खूश दिसत होते. त्यांनी कागद काढला, पेन काढलं, आणि सहज विचारलं, "आता हा विणणार कुठे?"



महिनाभर आम्ही सुताचा विचार केला, खळीचा केला, कैच्यांचा केला, वाऱ्याचा केला. आणि अख्ख्या पेठेत एकही माग उभा नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. पण विणकराच्या घरात ताणा कुठे न्यायचा हा प्रश्नच नसतो. तो घरात न्यायचा असतो, तिथे माग असतोच, चूल असते तसा. बाबांनी ताणा गुंडाळून खांद्यावर घेतला होता आणि त्यांचे पाय आपोआप आमच्या दाराकडे वळले होते. उंबऱ्यापाशी येऊन ते थांबले. आत माझी दोन मशीनं, कपाट, आरसा, चकचकीत फरशी.

त्या फरशीखाली मागाचा खड्डा होता. विणणारा ज्यात पाय सोडून बसतो तो. दुकान टाकलं तेव्हा मी तो मुरूम टाकून बुजवला आणि वर फरशी बसवली. तेव्हा बाबांनी गवंड्याला पाणी दिलं होतं, चहा दिला होता. मी समजले त्यांची हरकत नाही.

"आजोबा," साहेब हळू आवाजात म्हणाले, "एक दिवसाच्या कार्यक्रमाला मी वापर कसं म्हणू?"

बाबा खाली मान घालून उभे होते. खांद्यावरचा ताणा त्यांना एकदम जड झाल्यासारखा दिसला. मला लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"माग इथं लागणार," मी म्हटलं. "माझ्या दुकानात."

"इथे मशीनं आहेत ताई."

"मशीनं मागच्या खोलीत जातील. ब्लाउज कुठेही शिवता येतो, साहेब. खड्डा इथेच आहे."

समोरून काठीचा आवाज आला. काका उजवा हात वर करून काहीतरी ओरडत होते. दोनदा ऐकल्यावर कळलं. "माह्या माळ्यावर! माह्या माळ्यावर!" पोरं शिडी घेऊन धावली. काकांच्या माळ्यावर गव्हाची पोती ज्या लाकडांवर रचली होती ती त्यांच्या मागाची लाकडं होती. ताण्याचे धागे ओवायची फणीसुद्धा निघाली, कापडात गुंडाळलेली.

साहेबांनी पेन बंद केलं, मग पुन्हा उघडलं. म्हणाले, मधलं खोदकाम मी आजच थांबवतो. माग चालताना दिसला की नकाशा बदलून सही. झाडं दोन्ही टोकांना लावू. पुण्याच्या मुलीने तिथेच, माझ्या कटिंगच्या टेबलावर, नवा नकाशा काढायला घेतला.

मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. दुपारी गवंडी बोलावला, मशीनं आत ओढली, आरसा उतरवला. पहिला घाव घालताना गवंडी म्हणाला, "ताई, चांगली फरशी आहे हो." मी म्हटलं, घाल. फरशी फुटली, मुरूम निघाला, आणि संध्याकाळपर्यंत खड्ड्याच्या जुन्या दगडी कडा वर आल्या. त्या जशाच्या तशा होत्या. गल्ली दारात जमली होती.

बाबा काठी टाकून खड्ड्याच्या काठावर बसले आणि पाय आत सोडले. तळवे टेकवून पाहिले. मागाच्या पायाखालच्या पावड्या दाबतात तसे एकदा उजवा, एकदा डावा दाबला. मी वाट बघत होते, की आता बाबा म्हणतील बरोबर आहे, आता बाबा हसतील. त्यांनी गवंड्याला बोलावलं.

"अजून चार बोटं खोल घे."

गवंडी म्हणाला, "काऊन बाबा? तुमचे पाय तं बरोबर टेकून राह्यले."

"माह्यासाठी नाई," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचे पाय माह्याहून लांब हायेत."